कट् आवाज थांबला, म्हणजे जबडा बरा झाला का?

प्रश्न : मी ३४ वर्षांची, तासगावला माध्यमिक शाळेत शिकवते. वर्ष झालं, जांभई देताना किंवा घास मोठा झाला की उजव्या कानापुढे ‘कट्’ असा आवाज येतो. शेजारी बसलेल्यालाही ऐकू जातो. दुखत फारसं नाही, पण कान जड वाटतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कानात काही दोष नाही म्हणून सांगितलं. मग दातांच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. रिपोर्टमध्ये ‘अँटिरिअर डिस्क डिस्प्लेसमेंट विथ रिडक्शन’ असं आलंय. दाढा घासून, वर कॅप बसवून चावा नीट करावा लागेल, असं ते म्हणतात. खर्च बराच आहे. माझा दीर फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. तो म्हणतो, जबडा हा बिजागरीचा सांधा, त्यात सरकण्यासारखं काही नसतंच. इंटरनेटवर पाहिलं तर माझी ‘स्टेज २’ निघाली, तेव्हापासून झोप उडाली आहे. नक्की सरकलंय काय? ऑपरेशन लागेल का?
ता. क. गेल्या आठवड्यात दोन दिवस आवाज पूर्ण बंद होता. म्हणजे आपोआप बरं होतंय ना? त्या दोन दिवसांत तोंड मात्र कमी उघडत होतं, वडापावसुद्धा तोडून खावा लागला. आणि आमच्या मिस्टरांचंही तोंड नीट उघडत नाही. ते मावा खातात. त्यांनाही हेच झालं असेल का?

उत्तर : ताई, पत्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोष्टी तुम्ही ता. क.मध्ये ढकलल्यात. दवाखान्यातही असंच होतं. पेशंट उठतो, चपला पायात सरकवतो आणि मग वळून खरी तक्रार सांगतो.

आधी थोडक्यात उत्तरं देते, म्हणजे आज रात्री झोप लागेल. ऑपरेशनची गरज दिसत नाही. दाढा घासून घेऊ नका. आवाज दोन दिवस बंद झाला ही मात्र सुधारणा नव्हती. ते का, हे कळायला सांधा जरा आतून बघायला हवा, आणि तो बघायला एमआरआय लागत नाही. तुमची दोन बोटं पुरतात.

आरशासमोर उभ्या राहा. दोन्ही हातांची मधली बोटं कानाच्या भोकापुढे जो छोटा कुर्चेचा उंचवटा असतो, त्याच्या अगदी पुढे ठेवा. आता तोंड हळूहळू उघडा. सुरुवातीला बोटाखाली फार काही घडत नाही, हाड जागच्या जागी फिरल्यासारखं वाटतं. तोंड निम्मं उघडल्यावर मात्र एक गोलसर हाड बोटाखालून पुढे निसटतं आणि त्याच्या जागी खळगा पडतो. मिटताना ते परत मागे येऊन बसतं. हा तुमच्या खालच्या जबड्याचा कॉन्डाइल. वरून तो साधारण लांबट आकाराचा असतो : आडवा १५ ते २० मिलिमीटर, पुढून मागे ८ ते १०. कानशिलाच्या हाडाच्या तळाशी एक खोबण असते, तोंड मिटलेलं असताना तो तिच्यात असतो. खोबणीच्या पुढे हाडाचाच एक उतरता उंचवटा असतो. तोंड मोठं उघडलं की कॉन्डाइल खोबण सोडून या उंचवट्यावर येतो. तुम्हाला जाणवलं ते हेच निसटणं.

म्हणजे दिराचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. वरचे-खालचे पुढचे दात एकमेकांपासून साधारण २०-२५ मिलिमीटर दूर होईपर्यंत जबडा मुख्यतः बिजागरीसारखाच फिरतो. त्यापुढचं उघडणं मात्र सरकण्यामुळे होतं. निरोगी प्रौढ माणसाचं तोंड ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, तेव्हा नुसत्या फिरण्यावर भागत नाही हे उघड आहे. एकाच सांध्यात दोन तऱ्हेच्या हालचाली कशा राहतात? तर त्याचे दोन मजले आहेत. कॉन्डाइल आणि वरचं हाड यांच्यामध्ये चिवट तंतूंची एक चकती असते आणि ती सांध्याची पोकळी आडवी पूर्ण विभागते. खालच्या मजल्यावर, म्हणजे चकती आणि कॉन्डाइल यांच्यात, फिरणं होतं. वरच्या मजल्यावर चकती आणि कॉन्डाइल जोडीने उंचवट्यावरून सरकतात. दिराला सांगा, परीक्षेत ‘हिंज जॉइंट’ एवढंच लिहिलं तर निम्मे मार्क कापले जातील. पूर्ण उत्तर ‘जिंग्लिमो-आर्थ्रोडायल’, म्हणजे बिजागरीसारखा फिरणारा आणि सरकणाराही. हे नाव एकदा पाठ झालं की जन्मभर जात नाही.

तो वर्गीकरणाच्या प्रश्नात अडकलाच असेल तर आणखी चार ओळी लिहून द्या. आत वंगणाचा द्रव आणि बाहेर पिशवी असते म्हणून हा सायनोव्हिअल सांधा. हाडाच्या टोकाच्या आकारावरून कॉन्डायलर. चकतीला तिसऱ्या हाडाचा मान देऊन काही पुस्तकं त्याला कंपाउंड म्हणतात. पण शरीरातल्या बहुतेक सायनोव्हिअल सांध्यांत हाडांवर काचेसारखी गुळगुळीत कुर्चा असते, तशी इथे नसते. इथे तंतुमय आवरण असतं, जे झीज जास्त सोसतं आणि स्वतःला बऱ्यापैकी दुरुस्तही करतं. ही गोष्ट तुमच्या पथ्याची आहे, म्हणून मुद्दाम सांगितली. शिवाय खालचा जबडा म्हणजे एकच हाड, त्याची दोन टोकं दोन कानांपुढे. उजवा सांधा हलला आणि डावा स्वस्थ बसला असं होतच नाही. म्हणून दुखतं एका बाजूला आणि दमते दुसरी बाजू, अशा तक्रारी आमच्याकडे रोज येतात.

सुकी कवटी हातात घेऊन ती खोबण उजेडासमोर धरली, तर तिच्या छतातून पलीकडचा उजेड झिरपतो, इतकं ते हाड पातळ आहे. त्याच्या वर मेंदू. चावण्याचा जोर या छतावर येत नाही. तो पुढच्या उंचवट्याच्या उतारावर येतो, तिथलं हाड दणकट आहे. तान्ह्या बाळात हा उंचवटा जवळजवळ नसतोच, दात येऊन चावणं सुरू झालं की तो हळूहळू तयार होतो.

आता तुमची चकती. ती कॉन्डाइलच्या डोक्यावर टोपीसारखी बसते. टोपीची पुढची आणि मागची कड जाड, मधला भाग जेमतेम मिलिमीटरभर. मधल्या भागात ना रक्तवाहिन्या, ना नसा, म्हणून त्यावर दाब आला तरी दुखत नाही. टोपीच्या मागे मात्र मऊ, रक्ताने भरलेली, नसांनी गच्च अशी जागा आहे. टोपी पुढे सरकली की कॉन्डाइल या मऊ जागेवर टेकतो आणि दुखणं बरेचदा तिथूनच येतं. तुमची टोपी तोंड मिटलेलं असताना पुढे घसरलेली आहे, रिपोर्टमधला ‘अँटिरिअर डिस्क डिस्प्लेसमेंट’ हाच. तोंड उघडताना कॉन्डाइल तिची जाड मागची कड ओलांडून तिच्याखाली जाऊन बसतो, तेव्हा ‘कट्’. तो जागेवर बसला, म्हणून ‘विथ रिडक्शन’. मिटताना टोपी परत निसटते, तेव्हा दुसरा, जरा हलका आवाज. आरशात नीट बघा : उघडताना हनुवटी आधी उजवीकडे झुकते आणि आवाज झाला की मध्यावर येते. निदानाचा बराचसा भाग इथेच झाला.

आणि आता ते दोन दिवस. आवाज येण्यासाठी कॉन्डाइलने टोपीची कड ओलांडायला हवी. ती ओलांडताच आली नाही, तर आवाज होणार कुठून? टोपी पुढे गोळा होऊन अडसर बनते, कॉन्डाइल तिला ढकलत राहतो आणि तोंड २५-३० मिलिमीटरवर अडतं. म्हणून तुमचा वडापाव तोंडात मावला नाही. दोन दिवसांनी अडसर सुटला, आवाज परत आला आणि तुम्ही हिरमुसलात. मला मात्र तो आवाज परत आलेला बरा वाटला.

वर्गीकरणाचा उपयोग होतो तो नेमका अशा जागी. २०१४ पासून जगभर वापरात असलेल्या निकषांत चकती सरकण्याचे वेगवेगळे प्रकार केलेत. सरकते आणि परत बसते. सरकते, परत बसते, पण अधूनमधून अडकते. परत बसतच नाही आणि तोंड कमी उघडतं. परत बसत नाही, तरी तोंड पुरेसं उघडतं. एमआरआयने तुम्हाला पहिल्या प्रकारात टाकलं, कारण ज्या दिवशी तो काढला त्या दिवशी चकती परत बसत होती. तुमची हकीकत तुम्हाला दुसऱ्या प्रकारात नेते. इथे मशीनपेक्षा तुमचा वडापाव जास्त खरं बोलतोय. पुढच्या भेटीत डॉक्टरांना रिपोर्ट दाखवण्याआधी हे सांगा.

इंटरनेटवरची ‘स्टेज २’ ही वेगळी पट्टी आहे. विल्क्स नावाच्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये या बिघाडाच्या पाच पायऱ्या मांडल्या. दुसऱ्या पायरीत आवाज, अधूनमधून दुखणं आणि अधूनमधून अडकणं येतं, म्हणजे वर्णन तुम्हाला लागू पडतं. पण स्टेज म्हटलं की आपल्या डोक्यात एकच आजार येतो, आणि इथे तो हिशेब चालत नाही. बहुतेकांचा जबडा वर्षानुवर्षं नुसता वाजत राहतो, पुढच्या पायरीवर जातच नाही. ज्यांचा अडकून बसतो, त्यांच्यातही अनेकांच्या चकतीमागची मऊ जागा हळूहळू घट्ट होऊन चकतीचंच काम करू लागते आणि काही महिन्यांत तोंड पुन्हा बऱ्यापैकी उघडतं. ज्यांना कसलाही त्रास नाही अशा माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा साधारण तिघांतल्या एकाची चकती सरकलेली आढळली. त्यांना कुणी पत्ताच लागू दिला नाही, म्हणून ते मजेत आहेत!

म्हणूनच दाढा घासायला माझा विरोध आहे. चावा वाकडा म्हणून चकती सरकली आणि चावा सरळ केला की ती परत येईल, हा तर्क ऐकायला छान वाटतो, पण त्याला आधार मिळालेला नाही. घासलेला दात परत येत नाही. या सांध्याच्या बाबतीत जे उलट फिरवता येत नाही ते आधी करायचं नाही, हा आज सर्वमान्य नियम आहे, आणि तो शिकायला पेशंटांनी मोठी किंमत मोजली आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात खराब चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉन लावलेली कृत्रिम चकती बसवायची लाट आली होती. चावण्याच्या जोराने ती झिजली, तिच्या कणांनी आजूबाजूचं हाड खाल्लं, आणि १९९० च्या सुमारास ती बाजारातून काढून घ्यावी लागली. आवाजावर ऑपरेशन सुचवणारा कुणी भेटला, तर नम्रपणे उठून या.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे दात सुटे ठेवा. जेवणं आणि गिळणं सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागण्याचं दिवसभरात काही कारण नसतं. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला. तुम्ही शिक्षिका आहात, वह्या तपासताना स्वतःला पकडा. लाल पेन हातात आलं की दातावर दात बसतात, हे मी माझ्या कितीतरी शिक्षक पेशंटांत पाहिलंय. टेबलावर समोर दिसेल अशा जागी एक ठिपका चिकटवा. तो दिसला की जबडा सैल सोडायचा.

खाण्याचं पथ्य दोन-तीन आठवड्यांपुरतंच. ऊस दाताने सोलणं बंद. (तासगावात हे सांगणं म्हणजे पाप आहे, पण इलाज नाही.) चिक्की, कडक लाडू, च्युइंगम, सुपारी बंद. भाकरी आमटीत चुरून खा, सफरचंद चिरून खा. घास लहान घ्या, दोन्ही बाजूंनी चावा. एकाच बाजूने चावून ‘दुखऱ्या बाजूला आराम’ देऊ नका. जांभई येतेय असं वाटलं की जीभ टाळूला लावा किंवा हनुवटीखाली मूठ धरा, तोंड हवं तेवढंच उघडेल. रात्री १०-१५ मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने गाल आणि कानशील शेका. आणि स्टाफरूममध्ये ‘बघा बघा, कसा वाजतो’ म्हणून मुद्दाम वाजवून दाखवणं आजपासून बंद.

पुन्हा अडकलं तर जोर लावून उघडू नका. शेकून घ्या, मग जबडा हळूच डावीकडे सरकवा, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या उलट, आणि तिथूनच सावकाश उघडून बघा. बरेचदा सुटतं. एक-दोन दिवसांत नाही सुटलं तर वाट बघत बसू नका, तोंडाच्या आणि जबड्याच्या सर्जनकडे जा. ताजं अडकलेलं हाताने सोडवणं सोपं असतं, महिन्याभराने कठीण होतं. तेव्हाही लगेच सुरी लागत नाही. सांध्याच्या वरच्या मजल्यात दोन सुया घालून सलाइनने तो धुतात, जागा बधिर करून हे होतं. १९९१ पासून ही पद्धत रूढ आहे. ‘अडकलं’ म्हणजे उघडत नाही, एवढंच मी इथे म्हणतेय. तोंड उघडंच राहिलं, मिटेना, तर तो अगदी वेगळा प्रकार. त्यात कॉन्डाइल उंचवटा ओलांडून पुढे जाऊन पडलेला असतो आणि लगेच दवाखाना गाठायचा असतो. खालच्या दाढांवर अंगठे ठेवून खाली आणि मागे दाबत तो बसवण्याची रीत हिपोक्रेटिसच्या काळापासून चालत आली आहे. घरी कुणी प्रयोग करू नये. बसताना जबडा जोरात मिटतो आणि अंगठा सापडतो.

रात्री लावायच्या प्लास्टिकच्या पट्टीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. सकाळी उठताना गाल दुखत असतील, रात्री दात खात असाल तर वापरून बघायला हरकत नाही. ती चकतीला जागेवर आणत नाही, दातांचं रक्षण करते. जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पट्टीपेक्षा देखरेखीखालचे व्यायाम, हाताने केलेले उपचार आणि ताण हाताळण्याचं समुपदेशन यांना वरचं स्थान दिलंय. म्हणजे वर्गीकरणात मार्क गेले तरी दिराचा उपयोग आहेच. त्याच्या कॉलेजच्या ओपीडीत जबड्याचं काम करणारे कोण आहेत, ते त्याला विचारून ठेवायला सांगा.

कान जड का वाटतो? कॉन्डाइल कानाच्या नळीला जवळजवळ चिकटून आहे आणि सांध्याची नस कानाच्या पुढच्या भागालाही पुरवठा करते, हे साधं कारण. सेंट लुइसच्या कॉस्टन या कानाच्या डॉक्टरांनी १९३४ मध्येच कानाच्या तक्रारी आणि हा सांधा यांची सांगड घातली होती. कारण त्यांनी दातांच्या उंचीत शोधलं, ते पुढे टिकलं नाही. पण कान आणि जबडा यांचं नातं त्याहून फार जुनं आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांत जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांचा असतो, ती सस्तन प्राण्यांत आकसून मधल्या कानात गेली आणि आज तिथे हातोडा आणि ऐरण म्हणून ऐकण्याचं काम करतात. रायशर्ट या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने १८३७ मध्ये भ्रूणांचा अभ्यास करून हे मांडलं. तुमचा कट् वाजणारा सांधा हा सस्तन प्राण्यांनी नंतर घडवलेला नवा सांधा आहे. शाळेत विज्ञान शिकवत असाल तर हा धडा घ्याच.

काही खुणा दिसल्या तर हा सगळा सल्ला बाजूला ठेवायचा. जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की थांबतो, तर आधी हृदय तपासायचं. पन्नाशीपुढच्या माणसाचा चावताना जबडा भरून येतो, कानशील दुखतं, नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी डॉक्टर. ताप, सूज, ओठ बधिर होणं, तरीही तेच. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

आता तुमचे मिस्टर. त्यांना तुमचा आजार नाही, आणि हा कुणाचा कुणाला लागतही नाही. तुमचं तोंड अडतं ते सांध्यात. मावा खाणाऱ्याचं बहुधा गालात अडतं. माव्यातल्या सुपारीने गालाच्या आतलं अस्तर घट्ट होत जातं, पांढुरकं दिसतं, आत बोट फिरवलं तर दोऱ्यांसारखे पट्टे लागतात. तिखट लागलं की आग होते. कट् आवाज नसतो, हनुवटी झुकत नाही, तोंड मात्र महिन्यामहिन्याने लहान होत जातं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण पानपट्टीवर मावा हाताने चोळून मिळतोच. आज रात्री त्यांना त्यांचीच तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन गेली नाहीत तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. मावा बंद केल्याशिवाय कुठलंही इंजेक्शन, कुठलाही व्यायाम त्यांना पुरा पडणार नाही, आणि घट्ट झालेला गाल पूर्ववत मऊ होत नाही. जेवढं उघडतंय तेवढं राखणं, हाच त्यातला मोठा इलाज.

सांगलीत डेंटल कॉलेज आहे. ओरल मेडिसिन विभागात दोघांचे केस पेपर एकदमच काढा. पण तपासायला आधी त्यांना बसवा, तुमचं चार दिवसांनी झालं तरी चालेल.